नोझलमधला थर्मल स्ट्रेस काढताना या चुका टाळा

शिरोलीच्या फाउंड्रीत गरम कास्टिंग साच्यातून वेळेआधी काढलं तर काय होतं, हे तिथल्या कामगाराला सांगावं लागत नाही. पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागे राहतो आणि जोडावर तडा जातो. बाहेरून कुणी ओढलेलं नसतं, तापमानातला फरकच ओढतो. तापमानातल्या फरकाने येणारा हा ताण म्हणजेच थर्मल स्ट्रेस. अणुभट्टीच्या फीडवॉटर नोझलमध्ये, म्हणजे पाइपमधून पाणी आत येतं त्या तोंडाशी, हेच वर्षानुवर्षं, थोडं थोडं घडत असतं. अमेरिकेत 40 वर्षांचा परवाना आणखी 20 वर्षं वाढवायचा, तर हा भाग तोवर टिकेल हे हिशोबाने दाखवावं लागतं. कोल्हापुरात बसून हे काम शिकणाऱ्या मुलांच्या फाइली मी तपासतो. त्याच त्या चुका पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ताणाचा एकच आकडा धरणं. एका बिंदूवर ताणाचे सहा घटक असतात, तीन सरळ (ओढणारे किंवा दाबणारे) आणि तीन शिअर (सरकवणारे). हिशोबासाठी वापरली जाणारी ग्रीन फंक्शनची पद्धत वेगवान आहे: तापमानाच्या एका उडीला मिळणारा प्रतिसाद एकदाच काढायचा आणि प्लांटमधल्या खऱ्या चढउतारांवर बेरजेने बसवायचा. पद्धतीत खोट नाही. सहाऐवजी एकच आकडा पुढे नेला की खोट शिरते. सरळ भिंतीत ते निभावून जातं, पण नोझलच्या कोपऱ्यात मुख्य ताणांच्या (ज्या दिशांना शिअर उरत नाही, तिथल्या सरळ ताणांच्या) दिशा क्षणोक्षणी फिरतात. तिथे एका आकड्यावर काढलेलं नुकसान खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने 2008 मध्ये नेमका याचाच इशारा दिला होता. म्हणून सहाही घटक वेगवेगळे काढा, बेरीज करा आणि मगच मुख्य ताणांतला फरक घ्या. एकदोन ट्रान्झियंट (तापमानाचे चढउतार) तरी पूर्ण फायनाइट एलिमेंटने, म्हणजे भागाचे छोटे छोटे तुकडे पाडून संगणकावर, सोडवून ताडून पाहा.

उत्तर फारच मोठं आलं? आधी हाताने गणित करा. कार्बन स्टीलचा ताठपणा (यंग मॉड्युलस) 200 गिगापास्कल, प्रसरण अंशाला सुमारे 12 दशलक्षांश. म्हणजे पूर्ण जखडलेल्या पट्टीत अंशामागे 2.4 मेगापास्कल. दोन्ही दिशांनी जखडलेल्या पृष्ठभागावर 0.7 ने भागून साधारण 3.4. सपाट भिंतीवर 50 अंशांच्या झटक्याला संगणकातलं मॉडेल 400 मेगापास्कल दाखवत असेल, तर युनिट किंवा संदर्भ तापमान चुकलंय.

फटीग वक्ररेषा म्हणजे किती ताणाला धातू किती फेऱ्या टिकतो, हे दाखवणारी रेषा. हवेतल्या नमुन्यांवरची ही रेषा भट्टीच्या पाण्यात तशीच वापरू नका. पाण्याचं तापमान आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन या दोन्हींनी आयुष्य बदलतं. शिवाय ताण जितका हळू वाढतो, तितका पाण्याचा परिणाम जास्त. हळू तापवल्यावर थर्मल स्ट्रेस कमी होतो हे खरं, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आणि आडवा पाइप. ड्रॉइंगवर एकच तापमान लिहिलेलं असतं, आत मात्र गरम पाणी वर आणि थंड खाली राहू शकतं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या फार्ली प्रकल्पाच्या दुसऱ्या युनिटमध्ये व्हॉल्व्हमधून थंड पाणी झिरपत राहिलं आणि पाइपला तडा गेला. मूळ डिझाइनमध्ये ही शक्यता धरलेलीच नव्हती. त्यामुळे मॉडेल बनवण्याआधी प्लांटकडून पाइपच्या वरच्या आणि खालच्या बाजूला लावलेल्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) नोंदी मागवा. नोंदी नसतील तर आधी थर्मोकपल लावून घ्या.