रात्रीचे दूध आणि सकाळचे जड पोट : या चुका टाळा

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाली की खाण्याची दुकाने लागतात, आणि दहीवडा, भुट्ट्याचा कीस, गराडू असे पोटभर खाऊन झाल्यावर कढईतले आटीव केशरी दूध पिऊनच घरी परतण्याची आपल्याकडे अनेकांची रीत आहे. सकाळी जिभेवर पांढरा थर, पोट जड आणि भूक मेलेली असली, की दोष मात्र एकट्या दुधाला दिला जातो.

चरकसंहितेत गाईच्या दुधाचे दहा गुण सांगितले आहेत; त्यांत मधुर आणि शीत यांच्याबरोबर स्निग्ध, गुरू आणि मंद हेही आहेत. म्हणजे दूध हे पचायला वेळ घेणारे अन्न आहे आणि भरल्या पोटावर ते घेणे म्हणजे जेवणावर दुसरे जेवण करणे होय. रात्रीचे जेवण हलके, सात-आठच्या सुमारास उरकावे आणि दूध दोन-तीन तासांनी घ्यावे. सराफ्यात जायचे असेल, त्या रात्री दूध सोडावे.

दुसरी चूक तापवण्यातली आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या मते कच्चे दूध जड व अभिष्यंदी, म्हणजे स्रोतसांत (शरीरातल्या वाहक मार्गांत) चिकटपणा आणणारे असते. बेताने कढवलेले हलके होते, तर फार आटवलेले अधिकच जड होते. आमची आई कपभर दुधात पाव कप पाणी आणि ठेचलेल्या सुंठीचा लहान तुकडा घालत असे, उकळी आल्यावर चार-पाच मिनिटे मंद आचेवर पळीने ढवळत राही आणि साय बाजूला काढून, पेल्याला हात लावता येईल इतके कोमट झाल्यावरच देत असे. पचन मंद असणाऱ्यांसाठी मला आजही हीच रीत सर्वांत भरवशाची वाटते. अष्टांगहृदयात धारोष्ण, म्हणजे नुकत्याच काढलेल्या कोमट दुधाची स्तुती आहे हे खरे, पण न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस (जनावरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार) यांचे जंतू येऊ शकतात, त्यामुळे तो प्रयोग करू नये.

तिसरी चूक सोबतीची. आयुर्वेदात दुधाबरोबर मासे आणि आंबट पदार्थ विरुद्ध, म्हणजे एकत्र न खाण्याचे मानले आहेत. तरीही लिंबू पिळलेल्या पोह्यांच्या बशीशेजारी मुलांच्या हाती दुधाचा पेला दिला जातो. शिकरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण चरकांच्या दुधाबरोबर विरुद्ध पदार्थांच्या यादीत मोच, म्हणजे केळेही आहे, आणि शिकरण-पोळी तर आपल्या घराघरातली. ज्या मुलाला वारंवार सर्दी-कफ होतो, त्याचे शिकरण पंधरा दिवस बंद करून फरक पाहावा, असे मी सुचवीन. गरम दुधात मध घालू नये.

हे सर्व सांभाळून, रिकाम्या पोटी घेतलेल्या अर्ध्या कप कोमट दुधानेही दोन तासांत पोट गुडगुडत असेल, गॅस किंवा जुलाब होत असतील, तर कारण वेगळे आहे. मृदुकोष्ठ, म्हणजे कोठा हलका असलेल्या माणसाला दुधानेही रेच होतो, असे आयुर्वेद सांगतो. आधुनिक वैद्यक अशा त्रासात दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक्टेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता तपासते. अशांनी दूध दोन आठवडे थांबवून दुपारी जिरे घातलेले ताक घेऊन पाहावे. शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.