चांगली टकीला शॉट मारून संपवू नका

टकीला म्हटलं की मीठ चाटा, शॉट मारा, लिंबू चोखा एवढंच आपल्याला माहितीये, पण बाटलीवर १००% अगावे (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) लिहिलं असेल तर प्लीज असं करू नका, मेक्सिकोत ते निळं अगावे शेतात तयार व्हायलाच ६-७ वर्षं लागतात आणि आपण ते दोन सेकंदात गिळून टाकतो. (१००% लिहिलेलं नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर चालते, ती खुशाल कॉकटेलला वापरा.)

आता ग्लास. शॉट ग्लासात वास साठतच नाही. शॅम्पेन फ्लूटसारखा उंच, तोंडाशी निमुळता घ्या, रीडेल या ग्लास बनवणाऱ्या कंपनीने २००२ मध्ये टकीलासाठी असाच खास ग्लास काढला, पण घरातला छोटा वाइन ग्लासही मस्त चालतो. ३० मिली ओता, बर्फ नको, पाच मिनिटं तशीच ठेवा. नाक एकदम आत खुपसू नका, नुसतं अल्कोहोल झोंबेल, ग्लास तिरका धरून कडेशी हळू हुंगा. ब्लँकोमध्ये (म्हणजे न मुरवलेली टकीला) शिजलेल्या अगावेचा गोडवा आणि मिरी येते, रेपोसादो (मुरवलेली टकीला) २ महिने ते वर्षभर ओकच्या लाकडी पिंपात असते म्हणून हलका व्हॅनिला. मला ब्लँकोच जास्त आवडते, तिच्यात अगावे लाकडाखाली झाकलं जात नाही.