बागेतल्या झाडांची डीएनए ओळख: या चुका टाळा

जास्वंदीच्या नमुन्यात पीसीआरचा (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) पट्टा जेलवर उमटला नाही की प्रायमर (तो तुकडा कुठून वाढवायचा हे ठरवणारे छोटे डीएनए धागे) बदलायची घाई होते. दोष बहुतेक वेळा पानातल्या बुळबुळीत रसाचा असतो. हे चिकट पदार्थ डीएनएबरोबर खाली बसतात आणि प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज विकराला काम करू देत नाहीत. आधी पानातून काढलेला डीएनएचा अर्क १:१० आणि १:५० पातळ करून बघा. पातळ अर्कात पट्टा आला तर प्रायमर ठीक आहेत, अर्क अशुद्ध आहे. २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरला अर्क किती प्रकाश शोषतो त्याचे प्रमाण) १.८ च्या बरेच खाली असणे हीही त्याचीच खूण.

मग अर्क नव्याने काढा. जून पान नको, कोवळे घ्या; ५० ते १०० मिलिग्रॅम पुरे, जास्त घातल्याने चिकटपणाच वाढतो. २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), १.४ मोलर मीठ, १ ते २ टक्के पीव्हीपी (पानातली फेनॉल द्रव्ये धरून ठेवणारा पदार्थ), ६५ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) दोनदा वापरा आणि अल्कोहोल घालण्याआधी मीठ वाढवा, म्हणजे चिकट शर्करा द्रावणातच राहतात.

पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणू नका. ती काळवंडतात, बुरशी धरतात आणि आयटीएसचे (ओळखीसाठी वाचला जाणारा केंद्रकातल्या डीएनएचा तुकडा) प्रायमर बुरशीचाच डीएनए क्रम वाढवून देतात. पानाच्या निदान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ती लगेच वाळवा. पावसाळ्यात रंग बदललेले जेल तसेच वापरू नका.

डोळा भरलेल्या गुलाबाचे पान जोडाच्या वरचेच घ्या. खालच्या फुटव्यावरून फक्त खुंटाची ओळख पटते.

सगळ्यांत महाग पडणारी चूक संकरित झाडांत होते. आरबीसीएल आणि मॅटके ही २००९ मध्ये वनस्पतींसाठी सुचवलेली प्रमाण बारकोड (ओळखीसाठी वाचायची ठरावीक जनुके) जोडी हरितलवकातली आहे, आणि हरितलवक बहुतेक फुलझाडांत आईकडून येते. हाँगकाँगच्या ध्वजावरचे कांचन, बौहिनिया ब्लेकियाना, हा पर्पुरिया आणि व्हेरिगाटा यांचा वांझ संकर, आई पर्पुरिया. नुसते मॅटके वाचले तर उत्तर 'पर्पुरिया' येईल आणि ते चूक असेल. म्हणून केंद्रकातले आयटीएसही वाचा. त्याच्या क्रमवाचनाच्या आलेखात (एका अक्षराला एक शिखर) एकाच जागी दोन शिखरे वारंवार दिसली तर 'साफसफाई' करून एक अक्षर ठेवू नका. दोन्ही दिशांनी वाचूनही ती टिकली तर संकराचा संशय घ्या आणि क्लोनिंग करून (तुकडे जीवाणूंत घालून एकेक वेगळा वाढवून) दोन्ही क्रम वेगळे करा.

जेनबँकेत (डीएनए क्रमांचा सार्वजनिक संग्रह) १०० टक्के जुळणारे पहिले नाव उचलू नका. तेवढेच जुळणारी नावे खाली आणखी असतात. आरबीसीएलवर कित्येकदा प्रजातीपर्यंतच (जीनस) खात्री देता येते, जातीपर्यंत (स्पीशीज) नाही. नोंदीला हर्बेरियम (वाळवून दाबलेल्या वनस्पतींचा संग्रह) नमुन्याचा क्रमांक आहे का ते बघा. सॅन्सेव्हिरिया आता ड्रॅसीनात गेली आहे, त्यामुळे एकच झाड दोन नावांनी भेटेल. आणि तुमच्या नमुन्याचीही फुलासकट फांदी दाबून, क्रमांक घालून ठेवा. पाकळ्यांचा रंग त्याच दिवशी लिहा, वाळल्यावर तो कळत नाही.