तलावात पाणी, नळ मात्र कोरडे: साठवणीतल्या या चुका टाळा

काठोकाठ भरलेल्या तलावाचं माप घ्यायचं, रोजच्या मागणीनं भागायचं आणि येईल ते उत्तर ठरावात लिहून मोकळं व्हायचं. सगळ्यांची लाडकी चूक हीच.

एका छोट्या शहराचा हिशेब बघा. वस्ती ५,०००, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज ५०० घनमीटर. तलाव ५ हेक्टरचा, २ मीटर खोल. साठा १ लाख घनमीटर. भागाकार २०० दिवस, सगळे खूश. मला बोलावलं तेव्हा तलावात पाणी दिसत होतं आणि पंप हवा ओढत होता. तोवर मोटर बदलून झाली होती, केबलही. उपशाच्या पाइपचं तोंड तळापासून अर्धा मीटर वर आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्याखालचा तो मृतसाठा, माशांच्या वाट्याचा. हाती उरतं दीड मीटर. त्यातलं रोज १ सेंटिमीटर शहर उपसतं आणि ६ मिलिमीटर ऊन पितं. १५० भागिले १.६, म्हणजे जेमतेम ९४ दिवस. पाझर अजून धरलेलाच नाही.

तेवढंच पाणी १ हेक्टरात १० मीटर खोल असतं, तर पाइप तिथेच ठेवूनही १७०च्या आसपास दिवस निघाले असते. पण खोल खोदाई महाग, म्हणून पसरट खड्डा काढून लवकर फीत कापणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय.

मी आधी मृतसाठा वजा करतो, मग बाष्पीभवन आणि पाझर. मागणीचा नंबर शेवटी. आणि शिल्लक दिवसांत सांगतो. ‘४० टक्के’ ऐकून सगळे निवांत असतात, ‘३५ दिवस’ म्हटलं की लगेच बैठक लागते.

दुसरी चूक, टंचाई आली की उंच टाकी बांधणं. टाकी सकाळची गर्दी सांभाळते. तिचा हिशेब तासांचा, उन्हाळ्याचा नव्हे. उगाच मोठी बांधली तर पाणी पडून राहतं आणि क्लोरीन उतरतं. उद्घाटनाला शोभते, एवढं खरं.

सरासरी पावसावर आखणी नको. सुमारे निम्मी वर्षं सरासरीखालीच जातात. गाळ जरूर काढा, पण तळाचा चिकणमातीचा थर खरवडलात तर पाझर वाढेल. आणि मध्यरात्री सगळे नळ बंद असताना टाकीच्या निकासाचं मीटर पळत असेल, तर नव्या तलावाचा प्रस्ताव बाजूला ठेवा आणि आधी गळती शोधा.