माडीवरच्या लाकडी जमिनीवर मोठा फिश टँक ठेवताना

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांतील जुन्या वाड्यांच्या माड्या कडीपाटाच्या, म्हणजे कड्यांवर (आडव्या लाकडी तुळयांवर) फळ्या ठोकलेल्या आहेत, आणि अशा माडीवर मोठा फिश टँक ठेवायचा असेल तर मासे निवडण्याआधी वजनाचा हिशेब करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे २५५ लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. १० मिलिमीटर काचेचे पन्नासएक किलो, शिवाय वाळू, दगड आणि स्टँड धरले की एकूण वजन पावणेचारशे किलोंच्या घरात जाते. ते सगळे सहा चौरस फुटांवर, म्हणजे दर चौरस फुटावर साठ किलोंहून अधिक पडते. आजची राहती घरे भारतीय मानकानुसार चौरस फुटाला साधारण १९ किलो भार धरून आखतात. हा आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्याने माडी लगेच खचेल असे नव्हे, पण जागा निवडण्यात हयगय चालत नाही.

खालच्या खोलीतून वर पाहिले की कड्यांची दिशा कळते. खाली छत मारलेले असेल तर फळ्यांवरील खिळ्यांच्या रांगा पाहाव्यात. ज्या भिंतीत कड्यांची टोके बसली आहेत, तिच्या लगत आणि कड्यांना आडवा असा टँक ठेवावा, म्हणजे वजन तीन-चार कड्यांत वाटले जाते. खोलीच्या मध्यभागी कडी सर्वांत जास्त वाकते, म्हणून ती जागा टाळावी.

मात्र कडी भिंतीत शिरते तिथेच पावसाची ओल आणि वाळवी आधी पोहोचते, आणि वरचा ऑइल पेंट हे सारे झाकून ठेवतो. तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. धड सागवानावर बारीक खूण उमटते. पोखरलेल्या कडीत टोक बोटभर आत जाते आणि बाहेर काढताना तपकिरी भुगा गळतो. असे झाले तर टँकचा विचार तिथेच थांबवून जाणत्या सुताराला बोलवावे. टँक याहून मोठा असेल तर कड्या धड असल्या तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

चार बारीक पायांच्या स्टँडखाली १९ मिलिमीटर मरीन प्लायचा सलग तुकडा घालावा. पाणसळ लावून उतार निघाला तर पाचर स्टँडखाली मारावी. टँक आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर मारल्यास काच तडकते.

पाणी तीन टप्प्यांत, मध्ये एकेक दिवस सोडून भरावे. दर टप्प्याला पाण्याची रेघ टँकच्या दोन्ही टोकांना काठापासून सारख्याच अंतरावर आहे का हे पट्टीने मोजावे, आणि एका बाजूला फरक वाढत गेल्यास पाणी काढून घ्यावे. शेजारून चालताना पाणी डुचमळत असेल तर जमिनीला लवचीकता जास्त आहे, आणि खालून टेकू द्यावा लागतो.

वीज गेल्यावर फिल्टरच्या नळीतून पाणी उलटे वाहून फळ्यांवर येऊ शकते, म्हणून फिल्टर एकदा मुद्दाम बंद करून पाहावा. कड्यांची टोके दरवर्षी मृग लागण्याआधी आणि पावसाळा सरल्यावर अशी दोनदा पेचकसाने तपासावीत.