नाही पटलं, तर कोण निघून जाऊ शकतं? उद्योगाचं अर्थशास्त्र शिकताना

उद्योगाचं अर्थशास्त्र नव्याने शिकणाऱ्याच्या हाती पाठ्यपुस्तक चार सुटी प्रकरणं देतं: मालकीचे प्रकार, बाजाराचे प्रकार, कामगार संबंध आणि सरकारी नियमन. प्रत्येकात व्याख्या, वैशिष्ट्यं, फायदे-तोटे. पेपर सुटतो, पण संपाची किंवा कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी समोर आली की कोणतं प्रकरण उघडायचं तेच कळत नाही. मला हे चारही भाग एकत्र दिसायला लागले ते एकच प्रश्न लावून बघितल्यावर: व्यवहार पटला नाही तर कोणाला निघून जाता येतं, आणि जाताना त्याचं काय बुडतं?

सुरुवात मालकापासून करा. पगार, भाडं, कर्जाचं व्याज हे आकडे आधी ठरतात. सगळ्यांचं देऊन उरेल ते मालकाचं. तूट आली तर तीही त्याचीच. एकल मालकीत आणि साध्या भागीदारीत ही तूट मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोचते. मर्यादित दायित्वाने हे बदललं. ब्रिटनने १८५५ साली तसा कायदा केला, आणि १८९६ च्या सॉलोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केलं की जवळजवळ सगळे शेअर एकाच माणसाकडे असले तरी कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. भागधारकाचा धोका त्याने घातलेल्या पैशापुरताच राहिला, म्हणून एकमेकांना न ओळखणाऱ्यांचं भांडवल एकत्र येऊ लागलं. पण शेअर विकून ज्याला सहज निघता येतं, तो रोजच्या कारभारावर नजर कशाला ठेवेल? मोठ्या कंपन्यांत मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हा पेच इथूनच येतो.

याच टप्प्यावर संधी खर्च, म्हणजे एक पर्याय निवडल्याने हुकलेल्या दुसऱ्या पर्यायाची किंमत, पक्का करून घ्या. हिशेबात नफा दिसतो, पण मालकाने स्वतःच्या श्रमाचा मोबदला आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात धरलेलंच नसतं. ते वजा केलं की बऱ्याच छोट्या धंद्यांचा नफा नाहीसा होतो. मग तो माणूस धंदा बंद का करत नाही, हा प्रश्न मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून देतो. उत्तरात घातलेला आणि परत न मिळणारा पैसा येतो, दुसरीकडे मिळू शकणारी नोकरी येते, स्वतंत्र राहण्याची किंमतही येते.

स्पर्धेच्या प्रकरणात पूर्ण स्पर्धा, अल्पाधिकार (मोजकेच विक्रेते), मक्तेदारी हे साचे लवकर पाठ होतात, त्यावर फार वेळ घालवू नका. खरा कस लागतो तो ‘बाजार’ कशाला म्हणायचं हे ठरवताना. अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीचा १९५६ चा निकाल पाहा. तिथल्या सेलोफेनच्या (वेष्टनाच्या पारदर्शक पातळ कागदाच्या) विक्रीत कंपनीचा वाटा जवळपास ७५ टक्के होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र वेष्टनाचे सगळे लवचीक प्रकार एकच बाजार धरले, आणि तोच वाटा २० टक्क्यांच्या खाली गेला. मक्तेदारीचा आरोप टिकला नाही. अर्थशास्त्रज्ञांनी यावर जो आक्षेप घेतला तो मला या विषयातला सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो: मक्तेदार किंमत तिथवरच चढवत नेतो, जिथे गिऱ्हाईक पर्याय शोधू लागतं. त्यामुळे आजच्या किमतीला गिऱ्हाईक दुसरीकडे वळताना दिसलं, तरी त्यावरून स्पर्धा आहे असं सिद्ध होत नाही.

कामगार संबंधांना सर्वांत जास्त वेळ द्या. पुस्तकी आलेखात मजुरी मागणी आणि पुरवठ्याने ठरते आणि विषय संपतो. पण नोकरी सोडण्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. मालकाचा एक माणूस जातो, कामगाराचं सगळं उत्पन्न जातं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये, काम देणारा एकच किंवा मोजकेच असतील तर मजुरी कशी दबते, याची मांडणी केली. संघटना हा त्यावरचा उपाय: एकटा निघाला तर कारखाना चालू राहतो, सगळे थांबले तर बंद पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या ९८ व्या करारात सामूहिक वाटाघाटींच्या हक्काला संरक्षण आहे, ते या कारणासाठी.

उलट बाजूही तितक्याच काळजीने वाचा. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात कामगार इतके सोडून जात होते की वर्षाचं ते प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे शंभर जागांमागे वर्षात ३७० जण सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट, आणि गळती झपाट्याने घटली. ज्याला निघून जाता येत होतं त्याला थांबवण्याची ती किंमत होती. मात्र त्यातला मोठा भाग कामगाराच्या वागणुकीवर अवलंबून ठेवला होता आणि त्याची घरी जाऊन चौकशी होत असे. चांगला पगार आणि माणसावरचा ताबा एकाच योजनेत असू शकतात, हे नवख्याने लवकर ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

नियमनाकडे यायचं ते ज्यांना निघताच येत नाही त्यांच्यासाठी. कारखान्याच्या सांडपाण्याने ज्यांची नदी नासते ते त्या व्यवहारात नसतातच, मग सोडणार काय? औषध घेणाऱ्याला त्यातली भेसळ ओळखता येत नाही. अशा जागी नियम हवेतच. पण नियम पाळण्याचा खर्च मोठ्या कंपनीला परवडतो, छोटीला जड जातो, आणि नव्याने येणाऱ्यांची वाट अडते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की काही उद्योग स्वतःच नियम मागतात आणि ते आपल्या सोयीचे करून घेतात. कोणताही नियम वाचताना तो कोणी मागितला होता, हे शोधा.

वाचनासाठी एक वाद सुचवतो: किमान वेतन वाढवलं तर रोजगार घटतो का? एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची फास्ट फूड रेस्टॉरंट ताडून पाहिली आणि १९९४ मध्ये लिहिलं की रोजगार घटल्याचं दिसत नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० मध्ये पगारपत्रकांतली माहिती घेऊन त्याला आव्हान दिलं. ज्या नियतकालिकात हा लेख आला, त्याच्या त्याच अंकात कार्ड आणि क्रूगर यांचं उत्तरही आहे. तिन्ही लेख सलग वाचा, आणि प्रत्येकाने आकडे कुठून घेतले ते वहीत लिहून मगच निष्कर्षाचं पान उघडा.