घोड्यांच्या कामासाठी ऑस्ट्रेलियात वर्षभर: निघण्यापूर्वीची तयारी

ऑस्ट्रेलियातील एखाद्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मवर, काही महिने राबावे आणि त्या कमाईवर उरलेल्या दिवसांत देश पाहावा, असा बेत करणाऱ्या भारतीय तरुणांना २०२४ पासून सबक्लास ४६२ हा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा मिळू शकतो. अर्जदाराने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि ३१ वे वर्ष पूर्ण झालेले नसावे. भारतासाठी वर्षाला १,००० जागा असून त्या सोडतीने दिल्या जातात. म्हाडाच्या घरांसाठी नशीब आजमावलेल्यांना हा प्रकार नवा नाही. सोडतीच्या नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागते. या दोन्हींवरील नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे आधी तपासावे, कारण पॅनमधील दुरुस्तीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. नाव निघाल्यावर पूर्ण अर्जासाठी २८ दिवसच मिळतात. म्हणून इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचे पुरावे आणि परतीच्या भाड्याखेरीज सुमारे ५,००० डॉलर खात्यात असल्याचा दाखला सोडतीपूर्वीच तयार ठेवावा.

जाण्याचा महिना घोड्यांच्या वेळापत्रकावरून ठरवावा. ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या घोड्यांचे वय १ ऑगस्टपासून मोजतात (आपल्याकडे १ जानेवारीपासून), प्रजननाचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि घोडीची गर्भावस्था सुमारे अकरा महिन्यांची असते. परिणामी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात फार्मवर शिंगरांचा जन्मसोहळाच चाललेला असतो. घोड्या बहुधा रात्री वितात, म्हणून रात्रपाळीच्या राखणीला माणसे हवी असतात आणि नवख्यालाही तेथे शिरकाव मिळू शकतो. सिडनीच्या उत्तरेकडील स्कोन आणि आसपासचे अप्पर हंटर खोरे हा या व्यवसायाचा गड आहे. व्हिसा हाती असेल तर तेथील फार्मना मे-जूनमध्येच पत्रे लिहावीत.

त्या पत्रव्यवहारात संकोच न करता ताशी वेतन किती, पगारपत्रक मिळते का, निवासाचे किती पैसे कापतात, सुट्टी कोणत्या दिवशी आणि गावापासून फार्म किती लांब, हे लेखी विचारावे. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात फुकट काम करण्याचा प्रस्ताव माझ्या मते सरळ नाकारावा. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ठरावीक भागांत, ठरावीक प्रकारचे तीन महिन्यांचे पगारी काम दाखवावे लागते. त्यात घोड्यांची पैदास बसते, पर्यटकांना रपेट घडवणे सगळीकडे बसत नाही. फार्मचा पिनकोड त्या भागांच्या यादीत आहे का, हे होकार कळवण्यापूर्वीच पाहावे.

स्टड फार्मवरचे काम मुख्यतः जमिनीवर उभे राहून करायचे असते, त्यामुळे घोडदौडीची स्वप्ने पाहणाऱ्यांचा विरस होतो. निघण्यापूर्वी पुण्यातील एखाद्या रायडिंग क्लबात किंवा ओळखीच्या तबेल्यात महिनाभर पहाटे जाऊन लीद काढणे, खरारा करणे, खूर उचलून साफ करणे आणि घोड्याला चालवत नेणे शिकून घ्यावे. मुरलेला मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) घोड्याच्या कानांवरून त्याची मर्जी ओळखतो, आणि ही विद्या त्याच्यासोबत वावरूनच येते. पोटशूळ उठलेला घोडा कसा लोळतो, वारंवार कुशीकडे कसा पाहतो, हेही त्याच्याकडून समजून घ्यावे.

धनुर्वाताची लस घेऊन ठेवावी. क्वीन्सलंड किंवा न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात काम मिळाले, तर घोड्यांना हेंड्रा विषाणूची लस दिली आहे का, हे विचारावे. वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसाला होणारा हा आजार १९९४ मध्ये ब्रिस्बेनजवळ प्रथम आढळला आणि आजवर बाधा झालेल्या सात माणसांपैकी चार दगावली. प्रवासविम्याची बारीक अक्षरेही वाचावीत, कारण घोड्यांशी संबंधित अपघात पुष्कळ पॉलिसींतून वगळलेले असतात.

सामानात खोगीरभरती नको. हेल्मेट तेथेच, तेथील मानकाचे घ्यावे. वापरलेले बूट नेणार असाल तर तळव्याच्या खाचांतील माती आणि लीद ब्रशने काढून ते धुवावेत, पूर्ण वाळवावेत, बॅगेत सर्वांत वर ठेवावेत आणि विमानतळावरील आगमनपत्रात त्यांचा उल्लेख न चुकता करावा.